दोन छिद्रांचे झाकण आणि एक तारा: वातावरणातील खळबळ मोजण्याची पद्धत

जुन्नरजवळ गिरवली येथे आयुका या पुण्याच्या खगोलशास्त्र संशोधन संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे. केवळ विवर्तनाचा, म्हणजे कडांपाशी प्रकाश पसरण्याचा, विचार केला, तर एवढ्या व्यासाच्या आरशाने हिरव्या प्रकाशात सुमारे ०.०६ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) इतका बारीक तपशील वेगळा दाखवायला हवा. प्रत्यक्षात जमिनीवरून घेतलेल्या दीर्घ एक्स्पोजरच्या छायाचित्रात ताऱ्याचा ठिपका साधारणपणे एक ते दोन विकलांपर्यंत फुगतो, आणि याचे कारण आरशात नसून त्याच्या वरच्या हवेत असते. न्यूटनने १७०४ सालच्या आपल्या प्रकाशशास्त्रावरील ग्रंथात हेच म्हटले होते, आणि उंच पर्वतांच्या माथ्यावरची शांत हवा हाच त्यावरचा उपाय असल्याचेही सुचवले होते. हवेचा हा परिणाम किती आहे, हे आकड्यात सांगण्याची एक पद्धत आठ इंची दुर्बीण, एक वेगवान कॅमेरा आणि पुठ्ठ्याचे किंवा प्लायवूडचे एक झाकण एवढ्या सामग्रीवर महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेलाही जमू शकते. तिचे तपशील येथे क्रमाने दिले आहेत.

नेमके काय मोजायचे आहे, हे आधी स्पष्ट असावे. हवेचे उबदार आणि थंड गोळे एकमेकांत मिसळत असतात. तापमानातील फरकामुळे त्यांचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याची क्षमता, किंचित वेगळा असतो. आणि त्यांतून आलेले तरंगाग्र, म्हणजे प्रकाशलहरीची आघाडी, सपाट न राहता सुरकुतलेले दुर्बिणीवर पोहोचते. मोठे गोळे फुटून लहान होतात आणि त्यांच्यातली ऊर्जा क्रमाक्रमाने खाली उतरते, या प्रक्रियेचे गणित आंद्रेई कोल्मोगोरोव यांनी १९४१ साली मांडले. त्यावर आधारून डेव्हिड फ्रीड यांनी १९६०च्या दशकात एक अत्यंत सोयीची लांबी सुचवली. तिला फ्रीड लांबी म्हणतात. ढोबळपणे सांगायचे तर, तरंगाग्राचा जेवढ्या व्यासाचा तुकडा जवळजवळ सपाट मानता येतो, तेवढी ही लांबी असते. ती दहा सेंटिमीटर असेल, तर दीर्घ एक्स्पोजरमध्ये दोन मीटरची दुर्बीणसुद्धा दहा सेंटिमीटरच्या दुर्बिणीपेक्षा अधिक बारीक तपशील दाखवत नाही. प्रकाश मात्र जास्त गोळा करते. निरीक्षक ज्याला ‘सीइंग’ म्हणतात, तो ठिपक्याच्या अर्ध्या तीव्रतेवरचा रुंदीचा कोन ०.९८ गुणिले तरंगलांबी भागिले फ्रीड लांबी इतका असतो. ५०० नॅनोमीटर तरंगलांबी आणि १० सेंटिमीटर फ्रीड लांबी घेतली, तर उत्तर १.०१ विकला येते. हा एक संदर्भ लक्षात ठेवला की पुढचे सगळे आकडे त्याच्याशी ताडून पाहता येतात.

ताऱ्याचे छायाचित्र काढून ठिपक्याची रुंदी सरळ मोजावी, असे प्रथम वाटते. त्या रुंदीत मात्र हवेबरोबरच फोकसमधली चूक, आरशांची जुळणी, वाऱ्याने हलणारा स्टँड आणि मागोवा घेणाऱ्या मोटरचे धक्के हे सगळे मिसळलेले असते, आणि छोट्या दुर्बिणीत हा बाकीचा वाटाच पुष्कळदा मोठा असतो. यातून सुटण्याची युक्ती अशी, की दुर्बिणीच्या तोंडावर दोन छिद्रांचे झाकण बसवून एकाच ताऱ्याच्या दोन प्रतिमा घ्याव्यात आणि त्यांच्यामधल्या अंतरात होणारा चढउतार तेवढाच मोजावा. दुर्बीण हलली तर दोन्ही प्रतिमा एकत्र सरकतात आणि त्यांच्यातले अंतर तसेच राहते. अंतर बदलते ते दोन छिद्रांवर येणाऱ्या तरंगाग्राचा कल वेगवेगळा असतो म्हणून. ही कल्पना जुनी आहे. तिला आजचे रूप आणि सूत्रे मार्क साराझँ आणि फ्रांस्वा रॉदिए यांनी १९९०च्या शोधनिबंधात दिली, आणि चिलीतील युरोपीय वेधशाळांपासून अनेक ठिकाणी याच तत्त्वावरची उपकरणे रात्रभर आपोआप चालत असतात. महागड्या मापनाची ही स्वस्त नक्कल आहे असे कोणी समजू नये. व्यावसायिक वेधशाळाही अशाच छोट्या दुर्बिणी या कामासाठी वापरतात.

झाकणाची मापे दुर्बिणीवर अवलंबून असतात. आठ इंची, म्हणजे सुमारे २०३ मिलिमीटर व्यासाच्या श्मिट-कॅसेग्रेन दुर्बिणीसाठी ५ सेंटिमीटर व्यासाची दोन छिद्रे घ्यावीत आणि त्यांच्या केंद्रांमधले अंतर १४ सेंटिमीटर ठेवावे. अशा मांडणीत छिद्रांच्या बाहेरच्या कडा नळीच्या आत राहतात आणि आतल्या कडा मधल्या दुय्यम आरशाच्या सावलीपासून दूर राहतात. छिद्रे कंपासने आखून स्वच्छ गोल कापावीत आणि कापल्यानंतर व्यास व अंतर व्हर्नियरने पुन्हा मोजून तेच आकडे गणितात घालावेत. एका छिद्रावर प्रकाश सुमारे एक कला, म्हणजे ६० विकला, वळवणारा पातळ पाचरी लोलक बसवावा. काचेचा अपवर्तनांक १.५ धरला, तर यासाठी पाचरीचा कोन दोन कलांच्या आसपास लागतो. लोलकाचा उतार दोन छिद्रांना जोडणाऱ्या रेषेतच असावा, कारण मग दोन ठिपक्यांना जोडणारी रेषा हीच छिद्रांची दिशा ठरते आणि कॅमेरा कसाही फिरवून लावला असला तरी दिशा चित्रातूनच काढता येते. दुसऱ्या छिद्रावर त्याच दर्जाची सपाट काच लावलेली बरी. लोलक रंगांनाही थोडे वेगळे करतो. साध्या काचेतून दृश्य प्रकाशाच्या दोन टोकांमध्ये साठ विकलांच्या वळणामागे जवळजवळ एक विकलेचा फरक पडतो आणि ठिपका लांबुळका होतो. म्हणून कॅमेऱ्यापुढे हिरवा फिल्टर ठेवावा.

लोलक न मिळाल्यास काही जण फोकस मुद्दाम बिघडवून दोन ठिपके वेगळे करतात. हे चालते, आणि पहिल्या सरावासाठी चांगलेही आहे. परंतु बिघडलेल्या फोकसमध्ये दुर्बिणीचे दोष मापनात शिरतात आणि तापमान उतरत गेले की नळी आकसून ठिपक्यांमधले सरासरी अंतरही सरकत राहते. ज्या आकड्यांची इतर ठिकाणच्या आकड्यांशी तुलना करायची आहे, ते लोलक लावूनच घ्यावेत, असे माझे मत आहे.

कॅमेरा एकरंगी आणि कमी गोंगाटाचा, म्हणजे चित्रात स्वतःचे यादृच्छिक चढउतार कमी मिसळणारा, असावा. ग्रहांच्या छायाचित्रणासाठी मिळणारे छोटे कॅमेरे या कामाला उत्तम ठरतात. पिक्सेलचा आकार मायक्रोमीटरमध्ये घेऊन त्याला २०६.२६५ने गुणावे आणि मिलिमीटरमधील नाभीय अंतराने भागावे, म्हणजे एका पिक्सेलमागे किती विकला येतात ते कळते. ३.७५ मायक्रोमीटरचा पिक्सेल आणि २०३२ मिलिमीटर नाभीय अंतर असल्यास हे प्रमाण ०.३८१ विकला येते. पाच सेंटिमीटरच्या छिद्रातून पडणारा ठिपका सुमारे दोन विकला रुंद, म्हणजे पाच-साडेपाच पिक्सेलचा असतो आणि त्याचा मध्य पिक्सेलच्या दहाव्या भागापर्यंत काढता येतो. मात्र पुस्तकी नाभीय अंतरावर विसंबू नये, कारण श्मिट-कॅसेग्रेन दुर्बिणीत फोकस फिरवला की तेही बदलते. मोटर बंद करून ताऱ्याला चित्रातून वाहू द्यावे. तारा दर सेकंदाला १५.०४ विकला गुणिले त्याच्या क्रांतीची (खगोलीय विषुववृत्तापासूनच्या कोनीय अंतराची) कोज्या इतका सरकतो, आणि चित्रांवर नोंदलेल्या वेळांवरून खरे प्रमाण मिळते. हे काम दर रात्री एकदा करावे. प्रमाणात दोन टक्क्यांची चूक असेल, तर अंतिम उत्तरातही साधारण तेवढीच चूक येते.

एक्स्पोजर फार थोडा द्यावा लागतो, आणि बहुतेक चुकीची मापने याच पायरीवर होतात. दहा सेंटिमीटर फ्रीड लांबी आणि सेकंदाला दहा मीटर वेगाचा वारा धरला, तर तरंगाग्राची सुरकुती सुमारे तीन मिलिसेकंद टिकते. त्याहून फार लांब एक्स्पोजर दिल्यास हालचाल चित्रातच पुसली जाते आणि हवा खऱ्यापेक्षा शांत भासते. म्हणून एक चित्र ५ मिलिसेकंदांचे आणि पुढचे १० मिलिसेकंदांचे अशी आलटूनपालटून मालिका घ्यावी. दोन्ही मालिकांतून निघालेले सीइंग जवळजवळ सारखे आले, तर एक्स्पोजरचा परिणाम नगण्य आहे. फरक दिसल्यास शून्य एक्स्पोजरचे मूल्य काढावे लागते. त्यासाठी रूढ असलेला नियम असा: पाच मिलिसेकंदांच्या सीइंगचा १.७५ घात घ्यावा आणि त्याला दहा मिलिसेकंदांच्या सीइंगच्या ०.७५ घाताने भागावे. वारा जोरात असलेल्या रात्री ही दुरुस्ती टाळता येत नाही.

आता तारा निवडायचा. परदेशी मार्गदर्शकांत ध्रुवाचा सल्ला वारंवार आढळतो, कारण तो जागचा हलत नाही आणि मोटरचीही गरज उरत नाही. महाराष्ट्रातून मात्र ध्रुव क्षितिजावर जेमतेम सोळा ते बावीस अंश असतो. त्याचा प्रकाश खमध्यावरच्या, म्हणजे थेट डोक्यावरच्या, ताऱ्याच्या सुमारे तिप्पट हवा ओलांडून येतो आणि सीइंग जवळजवळ दुप्पट वाईट दिसते. त्याऐवजी खमध्यापासून तीस अंशांच्या आत असलेला तेजस्वी तारा घ्यावा. हिवाळ्यात रोहिणी आणि पुनर्वसूतला तेजस्वी तारा, उन्हाळ्याच्या तोंडाला मघा, एप्रिल-मे महिन्यांत जवळजवळ डोक्यावरून जाणारा स्वाती, आणि पावसाळा सरत असताना संध्याकाळी अभिजित व श्रवण हे सोयीचे आहेत. पुनर्वसूतल्या दोन ताऱ्यांपैकी कॅस्टर टाळावा, कारण तो जोडतारा आहे आणि त्याचे घटक काही विकलांच्या अंतरावर असल्याने एका छिद्रातूनही दोन ठिपके पडतात.

उपकरण कुठे उभे करायचे, याचा विचार उपकरणाच्या खरेदीइतकाच काळजीने करावा. सिमेंटची गच्ची दिवसभर तापते आणि मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहते. तिच्यावर घेतलेले माप आकाशाविषयी फारसे न सांगता त्या स्लॅबविषयीच जास्त सांगते. अर्थात तोच परिणाम अभ्यासायचा असेल, तर गच्ची आणि शेजारचे मोकळे मैदान यांच्या एकाच रात्रीच्या मापनांची तुलना हा विद्यार्थ्यांसाठी फार चांगला प्रकल्प आहे. जागेची पारख करायची असल्यास मोकळ्या, गवताळ जमिनीवर, इमारतींच्या वाऱ्याकडील बाजूला, दुर्बीण शक्य तितकी उंच ठेवावी. जमिनीलगतच्या थरातली खळबळ चुकवण्यासाठी वेधशाळांमध्ये ही उपकरणे मुद्दाम मनोऱ्यावर बसवतात. दुर्बीण किमान तासभर आधी बाहेर काढून ठेवावी, नाहीतर नळीतलीच गरम हवा मोजली जाते. लॅपटॉप आणि माणसे यांनी वाऱ्याच्या खालच्या बाजूला असावे. माणसाच्या अंगाची ऊब दुर्बिणीच्या तोंडापुढून गेली, तर पडद्यावरचे ठिपके लगेच थरथरताना दिसतात. विद्यार्थ्यांना हे एकदा प्रत्यक्ष दाखवावे.

प्रत्यक्ष नोंदणी करताना चित्राचा फक्त आवश्यक तुकडा निवडावा, म्हणजे कॅमेऱ्याचा वेग सेकंदाला शंभर चित्रांच्या पुढे जातो. चित्रे संपीडित न करता साठवावीत आणि ठिपक्यांचा सर्वांत तेजस्वी पिक्सेल संपृक्त होणार नाही, इतपत प्रकाशवर्धन ठेवावे. एका मापनासाठी एक मिनिटाची मालिका पुरते. आपल्याला ठिपक्यांमधल्या अंतराचे प्रचरण (व्हेरिअन्स), म्हणजे सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची सरासरी, काढायची आहे. प्रचरणाची सापेक्ष सांख्यिकीय चूक ही दोन भागिले स्वतंत्र नोंदींची संख्या यांचे वर्गमूळ असते. दोनशे स्वतंत्र नोंदींसाठी ती दहा टक्के, आणि फ्रीड लांबीत उतरल्यावर सहा टक्के होते. एकामागोमाग घेतलेली चित्रे परस्परांपासून पूर्णपणे स्वतंत्र नसतात, म्हणून हजारो चित्रे मिळाली तरी चूक त्या हिशेबाने घटेल अशी अपेक्षा करू नये.

गणितात प्रथम प्रत्येक चित्रातून पार्श्वभूमीचा उजेड वजा करावा. प्रत्येक ठिपक्याभोवती सहा-सात पिक्सेल त्रिज्येची ठरावीक खिडकी घेऊन तीव्रतेने भारित मध्यबिंदू काढावा आणि दोन मध्यबिंदूंमधला सदिश छिद्रांच्या रेषेतला, म्हणजे अनुदैर्घ्य, आणि तिला लंब, म्हणजे आडवा, अशा दोन घटकांत मोडावा. मिनिटभरात सावकाश झालेला सरळ सरक वजा करून दोन्ही घटकांचे प्रचरण काढावे. गैरसोयीची वाटणारी चित्रे गाळण्याचा मोह टाळावा, कारण मोठे झोके हेच हवेचे माप आहे. ठिपका खिडकीबाहेर गेला किंवा ढगाने झाकला गेला, एवढीच कारणे ग्राह्य धरावीत.

मोजलेल्या प्रचरणात मध्यबिंदू काढण्यातली चूकही मिसळलेली असते. तिचा अंदाज घेण्यासाठी सरासरी ठिपक्याचे चित्र तयार करावे, त्यावर खऱ्या पार्श्वभूमीचा आणि प्रकाशकणांच्या संख्येतला यादृच्छिक गोंगाट पुनःपुन्हा चढवावा आणि मध्यबिंदूंमधल्या फरकाचे प्रचरण पाहावे. तेवढे प्रचरण मोजलेल्या प्रचरणातून वजा करावे. प्रचरणातून प्रचरणच वजा होते. प्रमाण विचलनातून (प्रचरणाच्या वर्गमुळातून) प्रमाण विचलन वजा करणे ही नेहमी आढळणारी चूक आहे.

साराझँ आणि रॉदिए यांच्या सूत्रांतील लांब्या मीटरमध्ये आणि कोन रेडियनमध्ये घ्यायचे आहेत.

अनुदैर्घ्य गुणक = (०.१७९ ÷ छिद्रव्यासाचे घनमूळ) − (०.०९६८ ÷ छिद्रांतराचे घनमूळ)

आडवा गुणक = (०.१७९ ÷ छिद्रव्यासाचे घनमूळ) − (०.१४५ ÷ छिद्रांतराचे घनमूळ)

फ्रीड लांबी = (२ × तरंगलांबीचा वर्ग × गुणक ÷ प्रचरण) या राशीचा ३/५ घात

आपल्या झाकणासाठी ०.०५ मीटर व्यास आणि ०.१४ मीटर अंतर घातल्यास अनुदैर्घ्य गुणक ०.२९९ आणि आडवा गुणक ०.२०७ येतो. तरंगलांबी ५०० नॅनोमीटर धरावी, मग फिल्टर थोडा वेगळा असला तरी चालेल. फ्रीड लांबी तरंगलांबीच्या ६/५ घाताप्रमाणे वाढते, त्यामुळे प्रतिमांची हालचाल तरंगलांबीवर जवळजवळ अवलंबून नसते आणि जी तरंगलांबी सूत्रात घालावी, तिची फ्रीड लांबी सूत्र परत देते. आंद्रेई तोकोविनिन यांनी २००२ साली हे गुणक अधिक काटेकोर केले. तेवढी अचूकता हवी असेल, तर त्यांची रूपे वापरावीत, आपल्या छिद्रांच्या प्रमाणात फरक काही टक्क्यांचाच पडतो.

एक उदाहरण करून पाहू. समजा, अनुदैर्घ्य प्रमाण विचलन २.६० पिक्सेल मिळाले आणि गोंगाटाचे ०.१५ पिक्सेल. वर्ग करून वजाबाकी केल्यावर २.५९६ पिक्सेल, म्हणजे ०.९८९ विकला, उरतात. विकलांना २०६२६५ने भागले की ४.८ मायक्रोरेडियन होतात आणि सूत्रातून फ्रीड लांबी ४.९ सेंटिमीटर निघते. सीइंग झाले २.०७ विकला. तारा खमध्यापासून २५ अंशांवर असेल, तर त्या कोनाच्या कोज्येचा ३/५ घात, म्हणजे ०.९४३, याने गुणून खमध्याचे सीइंग १.९५ विकला लिहावे. ही दुरुस्ती न केलेल्या आकड्यांची इतर रात्रींशी तुलना करता येत नाही.

हेच गणित आडव्या घटकावरून स्वतंत्रपणे करावे. आपल्या मांडणीत आडवे प्रमाण विचलन अनुदैर्घ्य विचलनाच्या ०.८३ पट असायला हवे. दोन्हींतून आलेल्या फ्रीड लांब्या दहा-पंधरा टक्क्यांत जुळल्या, तर माप विश्वासार्ह धरावे. न जुळल्यास प्रथम लोलकाची दिशा आणि फोकस तपासावा, मग एक्स्पोजर. दोन्ही घटक जवळजवळ सारखे येत असतील, तर गोंगाट कमी धरला गेल्याची शक्यता मोठी आहे, कारण गोंगाटाला दिशा नसते. हे सीइंग मोठ्या दुर्बिणीच्या दीर्घ एक्स्पोजरमधील ठिपक्यापेक्षा थोडे जास्त असते, हेही ध्यानात असावे. कोल्मोगोरोवच्या गणितात हवेच्या गोळ्यांना वरची मर्यादा नाही. प्रत्यक्षात ती साधारण वीस-तीस मीटरांवर असते, आणि तिचा फायदा मोठ्या आरशाला मिळतो.

याच झाकणाने जमिनीला समांतर जाणाऱ्या प्रकाशावरचा परिणामही मोजता येतो. त्यासाठी अर्धा ते एक किलोमीटर दूर टेकडीवर किंवा इमारतीवर लहान छिद्रामागे ठेवलेला एलईडी दिवा पुरतो. लेसर वापरू नये, कारण वाटेत कोणाच्याही डोळ्यांना त्यापासून धोका असतो. अशा जवळच्या बिंदुस्रोतासाठी फ्रीड लांबीवरून अपवर्तनांकाच्या चढउताराचा स्थिरांक काढायचा, तर फ्रीड लांबीचा ५/३ घात, ०.१५९, तरंगसंख्येचा वर्ग आणि वाटेची लांबी यांच्या गुणाकाराने एकला भागावे. तरंगसंख्या म्हणजे २π भागिले तरंगलांबी. एक किलोमीटरच्या वाटेवर हा स्थिरांक दहाचा उणे चौदावा घात असेल, तर फ्रीड लांबी ३.६ सेंटिमीटर येते. ती छिद्राच्या व्यासाहून लहान झाल्याने ठिपके फुटू लागतात आणि सूत्र डळमळते. तेव्हा वाट आखूड करावी किंवा छिद्रे लहान करावीत. भर दुपारी हे नक्की घडते. सुरुवात सूर्योदयानंतरच्या आणि सूर्यास्ताच्या आधीच्या त्या थोड्या अवधीत करावी, जेव्हा जमीन आणि तिच्यावरची हवा यांचे तापमान जुळते आणि स्थिरांक दिवसातल्या नीचांकावर येतो. दर पाच मिनिटांना एक मालिका घेतली, तर हा खळगा आलेखावर स्पष्ट उमटतो आणि उपकरण नीट चालत असल्याची खात्रीही त्याच आलेखावरून होते.